घाटमाथा, मावळ आणि माळ : हवामानानुसार घडलेली जीवसृष्टी

लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथून लोहमार्गाने अवघ्या ६४ किलोमीटरांवर असलेल्या पुणे शहरी तो सातशे मिलिमीटरांच्या घरात येतो, आणि आणखी शंभरएक किलोमीटर पूर्वेस बारामती-इंदापूरकडे गेले असता पाचशेच्या आसपास उतरतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे, पुणे ५६० मीटर. उंचीत विशेष अंतर नसताना पावसात इतका फरक पडावा, आणि त्या फरकाबरोबर झाडे, गवते, पशुपक्षी, पिके व माणसांची राहणीही बदलत जावी, ही एकाच जिल्ह्यात पाहावयास मिळणारी निसर्गाची मोठी शिकवण आहे.

या शिकवणीत एक कोडेही आहे. जेथे सर्वांत अधिक पाऊस कोसळतो, त्याच घाटमाथ्यावरील कित्येक वाड्यावस्त्यांतील स्त्रियांना एप्रिल-मे महिन्यांत पाण्याच्या हंड्यासाठी डोंगर उतरावा लागतो. असे का होते, आणि त्यावर काय करता येईल, याचे उत्तर भूमी, हवामान व जीवसृष्टी यांच्या परस्परसंबंधात आहे. तो संबंध प्रथम समजून घेऊ.

जीवसंहती म्हणजे काय?

पृथ्वीच्या पाठीवर ज्या विस्तीर्ण पट्ट्यात उष्णता व पाऊस साधारण सारखे असतात, तेथील वनस्पती व प्राणी यांची ठेवणही सारखी होत जाते. अशा पट्ट्यातील सर्व जीवसृष्टीच्या समुदायास शास्त्रज्ञ ‘जीवसंहती’ म्हणतात. एकाच प्रकारच्या दोन जीवसंहती हजारो कोसांवर असल्या आणि त्यांतील जाती निरनिराळ्या असल्या, तरी त्यांचे रूप एकमेकांसारखे दिसते. कारण त्या सर्वांना सारख्याच अडचणींतून मार्ग काढावयाचा असतो.

उत्तर ध्रुवाजवळील टुंड्रा प्रदेशात जमीन थोड्या खोलीखाली बारमाही गोठलेली असते. तेथे वृक्ष उभा राहूच शकत नाही. तेथे दगडफूल व शेवाळ वाढतात, आणि वीतभर उंचीची झुडपे अल्पशा उन्हाळ्यात घाईघाईने फुलतात व बीज टाकून मोकळी होतात. त्याच्या दक्षिणेस सूचिपर्णी अरण्यांचा विशाल पट्टा आहे. तेथील वृक्षांचा निमुळता आकार बर्फ साचू देत नाही, आणि सुईसारखी पाने पाण्याचा व्यय कमी करतात. युक्रेन-रशियाचे व उत्तर अमेरिकेचे गवताळ प्रदेश हे जगाचे धान्याचे कोठार होत. आफ्रिकेत गवत व तुरळक झाडे यांचा सॅव्हाना पसरलेला आहे. राजस्थानातील थरसारख्या वाळवंटात पाण्याचा थेंब न् थेंब राखणारी झाडे व दिवसा बिळात राहून रात्री बाहेर पडणारे प्राणी आढळतात. विषुववृत्ताजवळ ॲमेझॉन, काँगो व मलाया येथे सदाहरित वर्षावने आहेत. आणि जेथे वर्षातून काही महिनेच पाऊस पडतो व बाकीचे महिने कोरडे जातात, तेथे मोसमी पानझडी वने होतात. आपला मावळ बहुतांशी याच प्रकारात मोडतो.

पाऊस किती, आणि पाऊस केव्हा?

नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. खोपोलीच्या बाजूस सह्याद्रीची भिंत एकाएकी पाचशे मीटरांहून अधिक उंच उठलेली आहे. तिला अडून वारा वर चढतो. चढताना तो थंड होतो आणि बाष्प धरून ठेवण्याची त्याची शक्ती कमी होते. म्हणून घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो. माथा ओलांडून वारा देशाकडे उतरू लागला की तो पुन्हा तापतो, व त्यातील पाऊस झपाट्याने कमी होतो. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव या एकामागून एक स्थानकांवर उतरून पाहिले तरी हा फरक शिवारात स्पष्ट दिसतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पुष्कळ ठिकाणी दोन ते तीन हजार मिलिमीटरच पाऊस पडतो, म्हणजे लोणावळ्याहून कमी. तरीही तेथे गगनचुंबी वर्षावन आहे आणि लोणावळ्यास नाही. कारण तेथील पाऊस वर्षभर वाटून पडतो. आपल्याकडील जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो, आणि पुढील सात-आठ महिने झाडाला साठवणीवर काढावे लागतात. यावरून असे दिसते की, वर्षाच्या एकूण पावसाचा आकडा हा अर्धाच हिशेब होय. कोरडे महिने किती, आणि त्या काळात जमीन किती ओल धरून ठेवते, हा उरलेला अर्धा हिशेब आहे. पाण्याच्या टंचाईचे मूळ याच अर्ध्यात आहे.

घाटमाथ्यावरील रान

लोणावळा-खंडाळ्याचा माथा व राजमाचीकडील डोंगर या भागांत जेथे रान शिल्लक आहे, तेथे अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा व आंबा हे सदाहरित किंवा निमसदाहरित वृक्ष आढळतात. त्यांची पाने जाड, चकचकीत व मेणचट असतात. त्यामुळे पावसाचे पाणी पानावर न थांबता निथळून जाते, आणि उन्हाळ्यात पानातील ओलावाही सहजी उडत नाही. माथ्यावरील प्रखर वाऱ्यामुळे व उथळ मातीमुळे वृक्ष खुजे व वाकडे राहतात. त्यांच्या खोडांवर शेवाळ, नेचे व आमरी वाढतात. या वनस्पती झाडाचे रक्त शोषीत नाहीत. त्या केवळ आधार घेतात आणि हवेतील ओलाव्यावर जगतात.

उतारावर कारवीचे दाट रान असते. कारवी ही सात-आठ वर्षांतून एकदा सर्वत्र एकाच वेळी फुलते, बी टाकते आणि वठून जाते. एकाच वेळी एवढे बी पडले म्हणजे किडे, पाखरे व उंदीर यांनी कितीही खाल्ले तरी पुष्कळसे उरते. वंश टिकविण्याची ही युक्ती होय. तिच्या काठ्यांचे कूड आपल्या घरांना पिढ्यान् पिढ्या उपयोगी पडले आहेत. परंतु तिचे खरे मोल त्याहून मोठे आहे. मुसळधार पावसात तीव्र उतारावरील माती जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम तिच्या मुळ्या करतात.

या रानातील प्राण्यांपैकी शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तो क्वचितच जमिनीवर उतरतो. एका झाडावरून दुसऱ्यावर उड्या घेत जातो. त्यामुळे वृक्षांचे शेंडे एकमेकांस जेथे भिडतात, तेथेच त्याचा निभाव लागतो. पुणे जिल्ह्यातील भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली स्थापन झाले, त्यात शेकरूचे संरक्षण हा प्रमुख हेतू होता. ओढ्याकाठचे खेकडे व कित्येक जातींचे बेडूक मात्र उलट मार्ग धरतात. पाऊस संपला की ते ओलसर बिळात खोल शिरून पडून राहतात आणि मृगाच्या सरी आल्या की बाहेर येतात.

सड्यावरील चार महिन्यांचा संसार

डोंगरमाथ्यावरील सपाट, खडकाळ पठारास आपण सडा म्हणतो. उन्हाळ्यात तो ओसाड व काळा दिसतो, म्हणून त्यास ‘पडीक’ समजण्याची चूक होते. श्रावण-भाद्रपदात पाहावे तो तेथे तेरडा, सोनकी, कवला, गेंद व सीतेची आसवे यांचे गालिचे पसरलेले असतात. खडकावर माती बोटभरच असते व त्यातील नत्र पावसाने धुऊन जाते. म्हणून दवबिंदूसारख्या वनस्पती आपल्या पानांवरील चिकट थेंबांत किडे पकडतात, व सीतेची आसवे पाण्यातील सूक्ष्म जीव आपल्या बारीक पिशव्यांत ओढून घेतात. अशा रीतीने त्या नत्राची भूक भागवितात. टुंड्रातील झुडूप थंडीच्या भीतीने घाई करते, सड्यावरील फूल दुष्काळाच्या भीतीने. परंतु दोघांचाही संसार अल्पकाळात आटोपणारा असतो. येथे खड्डे खणून मोठी झाडे लावणे म्हणजे श्रम व पैसा वाया घालविणे, आणि जे आहे तेही नष्ट करणे होय.

पानझडी पट्टा

घाटमाथ्यावरून इंद्रायणी, पवना व आंद्रा या नद्यांच्या खोऱ्यांत उतरले की, म्हणजे नाणे मावळ, पवन मावळ व आंदर मावळात, ऐन, बेहडा, कुंभा, सावर, पांगारा, पळस व मधूनमधून साग ही झाडे दिसू लागतात. कोरड्या महिन्यांत पाण्याची तूट पडू लागताच ही झाडे पाने टाकून देतात. पान हेच झाडाचे पाणी बाहेर जाण्याचे मुख्य द्वार. ते बंद केले की झाड उन्हाळा काढू शकते. सावर, पांगारा व पळस निष्पर्ण असतानाच फुलतात. त्यांची लाल-केशरी फुले पाखरांना दुरून दिसतात आणि परागीकरण होते. कुंभ्याची जाड साल त्यास वणव्यातूनही पुष्कळदा वाचविते. गळालेला पाला कुजून रानातील मातीस भुसभुशीतपणा येतो, व तीच माती पावसाचे पाणी पिऊन झऱ्यांना हळूहळू सोडते. पाला म्हणजे डोंगराचे पांघरूण होय. ते जळाले की पाऊस उघड्या मातीवर आपटतो, माती ओढ्यात जाते व झरा फाल्गुनातच आटतो.

देशावरील माळ

तळेगावच्या पूर्वेस रान विरळ होत जाते. बाभूळ, हिवर, बोर, खैर व शमी अशी काटेरी, बारीक पानांची झाडे आणि मधूनमधून कुसळी, मारवेल, पवन्या ही गवते दिसतात. पान लहान असले की ओल कमी उडते, काट्यांमुळे जनावरांपासून रक्षण होते, आणि मुळे खोल गेल्याने खालची ओल मिळते. गवताची वाढ जमिनीलगतच्या कोंबातून होत असल्यामुळे ते चरले, कापले किंवा जळाले तरी पुन्हा फुटते. माळ म्हणजे तुटलेले जंगल, असे समजण्याचा प्रघात आहे. परंतु आपल्या देशावरील कित्येक माळ फार प्राचीन आहेत. गवत व तुरळक काटेरी झाडे हेच तेथील मूळ रूप होय. चिंकारा, लांडगा व खोकड हे प्राणी दाट झाडीत नव्हे, तर अशा मोकळ्या माळावरच राहतात. बारामती तालुक्यात सुप्याजवळील मयूरेश्वर अभयारण्य (१९९७) हे चिंकाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे.

गवताळ जमिनीचा तोल बिघडला तर काय होते, याचा दाखला अमेरिकेत मिळतो. तेथील मध्यभागातील गवताळ मैदाने मोठ्या प्रमाणावर नांगरली गेली. १९३० नंतरच्या दशकात दुष्काळ पडताच उघडी पडलेली माती वाऱ्याने उडून धुळीची भयंकर वादळे उठली, आणि असंख्य कुटुंबांस घरदार सोडावे लागले. अखेरीस १९३५ साली तेथील सरकारला मृदसंधारणासाठी स्वतंत्र खाते उभारावे लागले.

माणूस व जनावर यांनीही जुळवून घेतले

शेतकऱ्याचे शहाणपण याच नियमावर उभे आहे. घाटमाथ्यावरील घराचे छप्पर अधिक उतरते असते. उतारावरील वरकस जमिनीत नाचणी-वरई व सखल खाचरात भात ही विभागणी जमिनीचा पोत पाहूनच झाली आहे. डांगी गुरे अकोले-इगतपुरीच्या अतिपावसाच्या मुलखातील. त्यांच्या अंगावरील तेलकटपणामुळे पाऊस निथळून जातो व कठीण खुरे चिखलात टिकतात. देशावरील खिल्लार बैल उन्हात चिवटपणे चालतो, पण घाटमाथ्यावरील सततच्या पावसाळ्यास तो घडविलेला नाही. दख्खनी मेंढीस ओल सोसत नाही. म्हणून देशावरील धनगर पावसाळा कोरड्या माळावर काढून, पाऊस ओसरल्यावर कळप घेऊन कोकणाकडे उतरतात. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेला इंद्रायणी हा वाणही असाच आहे. आंबेमोहोर १५७ व आय. आर. ८ यांच्या संकरातून तो निर्माण झाला. एकाचा सुवास व दुसऱ्याचे उत्पन्न यांचा मेळ मावळच्या हवामानात घातला गेला.

तोल कशाने बिघडतो?

पहिले कारण वणवा. ‘जाळले म्हणजे गवत चांगले येते’ या समजुतीने डोंगर पेटविले जातात. त्यात पाला, कारवीचे बी व कोवळी रोपे जळतात. हिरड्यासारखी उत्पन्न देणारी झाडेही होरपळतात. दुसरे कारण राबासाठी होणारी तोड. भाताच्या रोपवाटिकेत शेण, टहाळ व पाला यांचे थर जाळल्याने तणाचे बी मरते व राख मिळते, यात शंका नाही. परंतु ऐनासारख्या वृक्षाचे खांडोळे वर्षानुवर्षे होत राहिले तर त्याची वाढ खुंटते व डोंगर उघडा पडतो. तिसरे कारण परकी वनस्पतींचा फैलाव. घाणेरी व रानमोडी यांनी रानातील मोकळ्या जागा व्यापल्या आहेत. गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम नोंदले गेले, व पुढे ते देशभर पसरले.

उतार उघडा करण्याचा व कापण्याचा धोका किती मोठा असू शकतो, हे विसरता येणार नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर अतिवृष्टीत डोंगर कोसळला आणि दीडशेच्या सुमारास माणसे दगावली. अशा दुर्घटनेस अनेक कारणे एकत्र येतात. तरीपण तीव्र उतार, प्रचंड पाऊस व विस्कळीत झालेली जमीन यांचा योग घडू न देणे हे पुष्कळ अंशी माणसाच्या हाती आहे.

गावाने काय करावे?

ग्रामसेवक व कृषी कार्यकर्ते यांनी कोणतीही योजना हाती घेण्यापूर्वी गाव कोणत्या पट्ट्यात मोडते ते पाहावे, आणि मगच सल्ला द्यावा.

१. घाटमाथ्यावर : झऱ्याच्या वरच्या अंगाचे रान पूर्णपणे राखावे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी ग्रामसभेत ठरवून घ्यावी. लावणीसाठी जांभूळ, हिरडा, आंबा, अंजनी अशी तेथलीच झाडे निवडावी. तीव्र उतारावर चर खणून पाणी मुरविण्याचा मोह टाळावा. अतिपावसात भिजलेला उतार त्याने अधिक अस्थिर होऊ शकतो. तेथे कारवी व झुडपांच्या मुळ्यांनाच काम करू द्यावे. सडा जसा आहे तसा राहू द्यावा.

२. खोऱ्यात : होळीपूर्वीच रानाच्या कडेने जाळरेषा काढाव्या व वणवा विझविण्यासाठी तरुणांचे पथक तयार ठेवावे. राबाऐवजी गादीवाफ्यावर रोपे करावी व त्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी. डॉ. नारायण सावंत यांनी प्रचारात आणलेल्या चारसूत्री पद्धतीत हीच राख, भाताचा पेंढा, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, नियंत्रित लावणी व युरिया-डीएपीच्या गोळ्या यांचा मेळ आहे. नियंत्रित लावणीत १५ व २५ सेंटिमीटर अशी आलटून पालटून अंतरे ठेवतात आणि चार चुडांच्या मध्ये गोळी खोल खोचतात, त्यामुळे खत पाण्याबरोबर वाहून जात नाही. गिरिपुष्प बांधावर अवश्य लावावा. परंतु तो परका वृक्ष आहे, त्यास डोंगरावर नेऊन मूळच्या रानाची जागा देऊ नये.

३. माळावर : पावसाळ्यात गवताला बी धरेपर्यंत चराई बंद ठेवून, पुढे कापून चारा नेण्याची पद्धत ठेवावी. मारवेल व पवन्या यांचे बी राखून उघड्या जागी टाकावे. दाट वृक्षारोपणाऐवजी बांधावर व ओढ्याकाठी बाभूळ, बोर, शमी, कडुनिंब लावावे.

४. सर्वत्र : देवराई जपावी. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. देवाच्या धाकाने राखलेली ही राई म्हणजे आपल्या गावचे मूळ रान कसे होते याचा जिवंत नमुना आहे. लावणीसाठी कोणती झाडे निवडावी, असा प्रश्न पडल्यास जवळच्या देवराईत जाऊन पाहावे; बहुधा उत्तर तेथेच मिळते, आणि बीही तेथेच मिळते.

सारांश, मोठा पाऊस हे वैभव खरे. परंतु ते चार महिन्यांचे आहे. उरलेले आठ महिने गावाला पाणी पुरविणारी कोठारे म्हणजे माती, पाला व मुळ्या होत. ज्या डोंगरावर ही कोठारे शाबूत आहेत, तेथील झरा उन्हाळ्यात अधिक काळ टिकतो. जेथे ती जळाली व वाहून गेली, तेथे चार हजार मिलिमीटर पाऊस पडूनही हंडा रिकामा राहतो. झाडाने, किड्याने व पाखराने हजारो वर्षांत आपापल्या जागेशी जुळवून घेतले आहे. शेतकरी बंधुभगिनींनी त्यांचा हा धडा ओळखून आपल्या शिवाराची आखणी केली, तर येत्या पावसाळ्यापासूनच कामास आरंभ करता येईल. त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. होळीपूर्वी एक जाळरेषा आणि झऱ्यावरच्या रानाला एक वर्षाची विश्रांती, एवढ्यानेही सुरुवात होते.